वेड आणि लग्न: दोन वस्तू एकमेकींवर आपोआप कशा बसतात

इन्स्पेक्शनच्या टेबलावर एक कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग, ठेवलेलं असतं. त्याच्याभोवती हातातला स्कॅनर फिरवला की काही मिनिटांत स्क्रीनवर लाखो ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे तीन आकडे: आडवं किती, उभं किती, खोल किती. ठिपक्यांच्या या गर्दीला पॉइंट क्लाउड म्हणतात. शेजारी डिझाइनकडून आलेलं कॅड मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेला तोच भाग, उघडलेलं असतं. दोन्ही एकाच जॉबची (तपासायच्या भागाला आम्ही जॉब म्हणतो) रूपं, पण एक उताणं पडलेलं, दुसरं कुशीवर, आणि मध्ये स्क्रीनभर अंतर. मग एक बटण दाबायचं. ठिपके गर्रकन वळतात, सरकतात आणि मॉडेलवर जाऊन बसतात. माल कुठे जास्त आहे, कुठे कमी, ते लाल-निळ्या रंगांत दिसायला लागतं.

हे बटण मी कित्येक वर्षं दाबते आहे. सुरुवातीला ते आत नेमकं काय करतं हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग एक फ्लँज आला, म्हणजे पाइप जोडायची भोकांची गोल चकती. बोल्टची सहा भोकं, आणि एक बारीक डॉवेलचं, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या खुंटीचं. बटणाने तो अर्धा फिरवून बसवला. बोल्टची भोकं बोल्टच्या भोकांवर गेली, सगळं जवळजवळ हिरवं, म्हणजे जुळलेलं, दिसलं. डॉवेलपाशी एक लाल डाग होता, तो मी स्कॅनमधला कचरा समजून पुसून टाकला. जे भोक थोडं घासून घ्यायला हवं होतं, त्याच्या बरोबर समोरचं घासलं गेलं. त्यानंतर मात्र बटणाच्या आत डोकावणं भाग पडलं.

आत डोकावल्यावर आधी कळलं ते हे, की सगळा खेळ फक्त सहा आकड्यांचा आहे. कडक, न वाकणारी कुठलीही वस्तू घ्या, अगदी काडेपेटी. ती तीन दिशांना सरकवता येते आणि तीन अक्षांभोवती फिरवता येते. बस्स, सातवी हालचाल नाही. मॉडेल दहा ठिपक्यांचं असो की दहा कोटींचं, ते दुसऱ्यावर बसवायला शोधायचे ते सहाच आकडे. टूलरूममधल्या लोकांना हे कॉम्प्युटरच्या फार आधीपासून ठाऊक आहे. फिक्स्चर, म्हणजे जॉब जागेवर धरून ठेवणारी चौकट, बनवताना ते तीन-दोन-एक म्हणतात: जॉबच्या बुडाला तीन टेकू, बाजूला दोन, टोकाला एक. एकूण सहा. तेवढ्यात जॉब हलायचा थांबतो.

सहा आकडे शोधायला इतकं अवघड काय आहे? इथे आपली जुनी म्हण अगदी फिट बसते: वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही. स्कॅनमधला कोणता ठिपका मॉडेलवरच्या कोणत्या जागेचा, ही जोडी माहीत असेल तर सहा आकडे काढणं हे सरळ गणित आहे. उलट, सहा आकडे माहीत असतील तर जोड्या डोळ्यांनीच दिसतील, कारण वस्तू एकमेकींवर बसलेल्याच असतील. पण हातात दोन्ही नाही. जोड्यांशिवाय आकडे नाहीत, आणि आकड्यांशिवाय जोड्या नाहीत.

सोपी बाजू आधी उरकते. जोड्या ठाऊक आहेत असं समजा. दोन्हीकडच्या ठिपक्यांची सरासरी काढायची, म्हणजे प्रत्येक गर्दीचा मध्यबिंदू मिळतो. एक मध्यबिंदू दुसऱ्यावर नेऊन ठेवला की सरकवण्याचे तीन आकडे संपले. फिरवण्यासाठी सगळ्या जोड्यांच्या आकड्यांचे गुणाकार करून नऊ घरांचा एक चौकोन भरायचा आणि त्याची ठरावीक पद्धतीने फोड करायची. सगळ्या जोड्यांमधल्या अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करणारं वळण त्यातून थेट मिळतं. चाचपडावं लागत नाही. स्फटिकांमधल्या रेणूंची रचना अभ्यासणाऱ्या वोल्फगांग काब्श यांनी असं उत्तर १९७६ साली मांडलं. कॉम्प्युटरला चित्रं ओळखायला शिकवणाऱ्या कॉम्प्युटर व्हिजनवाल्यांनी १९८७ मध्ये ते आपल्या वाटेने पुन्हा शोधलं, तेही एकदा नाही, दोनदा. त्यात एक गंमतशीर खोच होती. ठिपके फार खडबडीत असतील तर गणित कधी कधी वस्तूची आरशातली प्रतिमा बसवून मोकळं होतं, म्हणजे उजवी चप्पल डाव्या पायात. १९९१ मध्ये उमेयामा यांनी एक चिन्ह तपासून ती पळवाट बंद केली.

आता अवघड बाजू. जनरल मोटर्सच्या संशोधन प्रयोगशाळेतले पॉल बेसल आणि नील मॅके यांनी १९९२ मध्ये जो उपाय मांडला, तो ऐकल्यावर पहिल्यांदा वाटतं की ही तर चक्क थाप आहे. जोड्या माहीत नाहीत ना? मग ज्याला जो सगळ्यांत जवळचा, तोच त्याचा जोडीदार असं धरून चला. बहुतेक जोड्या चुकीच्या असतील, असू देत. त्या चुकीच्या जोड्यांवरून वस्तू हलवा. हलल्यावर जवळचा कोण ते बदलतं, म्हणून जोड्या नव्याने लावा. पुन्हा हलवा. असं वीस-तीस वेळा केलं की हालचाल थांबते. या पद्धतीचं नाव इटरेटिव्ह क्लोजेस्ट पॉइंट, सगळ्यांच्या तोंडी आयसीपी. थोडं लग्न, थोडं वेड जाणं, पुन्हा थोडं लग्न, असा हा मार्ग.

हे थांबणार याची खात्री देता येते. जोड्या नव्याने लावताना प्रत्येक ठिपका आधीच्यापेक्षा जवळचाच जोडीदार घेतो, किंवा तोच ठेवतो. हलवताना गणित एकूण चूक कमीच करतं, किंवा आहे तेवढी ठेवतं. दोन्ही पायऱ्यांत चूक वाढायला वावच नाही, त्यामुळे ती उतरत उतरत कुठेतरी स्थिरावणार. अडचण त्या "कुठेतरी" या शब्दात आहे.

एक कंगवा घ्या. वीस दात, प्रत्येक दोन दातांमध्ये १० मिलिमीटर. स्कॅनमधला कंगवा मॉडेलपेक्षा उजवीकडे ३ मिलिमीटर सरकलेला आहे. प्रत्येक दाताला सगळ्यांत जवळचा दात त्याचा स्वतःचाच सापडतो, कंगवा ३ मिलिमीटर डावीकडे येतो, काम एका फेरीत फत्ते. आता तो ७ मिलिमीटर सरकलेला असू दे. स्वतःचा दात ७ मिलिमीटर मागे, पण शेजाऱ्याचा ३ मिलिमीटर पुढे. एकोणीस दात शेजाऱ्याला आपला समजून पुढे ओढतात. फक्त शेवटच्या दाताला पुढे शेजारी नाही, तो एकटा मागे ओढतो. सरासरी काढली की कंगवा आणखी अडीच मिलिमीटर उजवीकडे जातो, म्हणजे योग्य जागेपासून साडेनऊ मिलिमीटर दूर. इथे एकोणीस दात प्रत्येकी अर्धा मिलिमीटर पुढे ओढतायत, एकूण साडेनऊ. शेवटचा एकटा साडेनऊ मागे ओढतोय. रस्सीखेच बरोबरीत सुटली, आयसीपी समाधानाने थांबला. उत्तर चूक, आणि मशीनच्या दृष्टीने काम पूर्ण.

माझ्या फ्लँजचं हेच झालं होतं. सहा भोकांपैकी कुठल्याही भोकावर दुसरं कुठलंही भोक बसतं, म्हणून साठ-साठ अंशांवर, चूक उतरून जिथे स्थिरावते असे सहा खळगे तयार होतात, जवळजवळ सारख्याच खोलीचे. डॉवेलचं एक भोक फक्त एका खळग्याला इतरांपेक्षा किंचित खोल करतं. सुरुवात जिथून झाली तिथल्या जवळच्या खळग्यात बटण उतरलं. त्याच्याकडून याहून वेगळी अपेक्षा करायचं कारण नव्हतं.

बेसल-मॅके यांच्या सुमारासच यांग चेन आणि जेरार्ड मेडिओनी यांनी एक बारीक बदल सुचवला होता, आणि व्यवहारात तो फार उपयोगी पडला. दोन वेळा स्कॅन केलं तर ठिपके नेमके त्याच जागांवर कधीच पडत नाहीत. ठिपक्याला ठिपक्याशी बांधलं तर दोन सपाट पृष्ठभाग एकमेकांवरून सहज घसरायला हवेत तिथेही अडखळतात. त्याऐवजी ठिपक्याला समोरच्या पृष्ठभागाशी बांधा. पृष्ठभागापासून वर-खाली किती अंतर आहे तेवढंच मोजा, आडवं घसरू द्या. सरफेस प्लेटच्या गुळगुळीत सपाटीवर स्लिप गेजचा ठोकळा सरकवल्यासारखं. सहसा असा आयसीपी कितीतरी कमी फेऱ्यांत जागेवर येतो. मात्र वस्तू नुसती सपाट पट्टी असेल तर ती कुठवर घसरायची याला काही धरबंध राहत नाही. गोल दांड्याचंही तसंच, स्वतःभोवती कितीही फिरवा. सरळ बोगद्यातून जाणारा रोबोट भिंतींकडे बघून आपण किती पुढे आलो हे सांगू शकत नाही, तेही याच कारणामुळे. आकारातच माहिती नसेल तर गणित ती कुठून आणणार?

जवळचा ठिपका शोधायचा कसा, हा वरवर किरकोळ वाटणारा प्रश्न. दहा लाख ठिपके दोन्हीकडे असतील तर सगळ्यांशी सगळ्यांची तुलना म्हणजे एक लाख कोटी तुलना, आणि त्या प्रत्येक फेरीत. यावरचा तोडगा पोस्टमनच्या पिशवीत आहे. पत्रावर पिन कोडचा पहिला आकडा ४ दिसला की ते पंजाब-केरळकडे जात नाही, पुढचे दोन आकडे ११ असले की ते पुण्याच्या वाटेला लागतं. उरलेला सगळा देश न बघताच बाद. ठिपक्यांची जागाही अशीच अर्धी, मग अर्ध्याची अर्धी, अशी विभागून ठेवतात. दहा लाखांना वीस वेळा निम्मं केलं की एकच उरतो, म्हणजे शोध दहा लाख पायऱ्यांवरून वीस-पंचवीस-पन्नास पायऱ्यांवर येतो. जॉन बेंटली यांनी ही रचना १९७५ मध्ये मांडली, तिला के-डी ट्री म्हणतात. आपला पिन कोड त्याहून तीन वर्षं आधीचा, १५ ऑगस्ट १९७२ चा. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी गृहस्थ आणि संस्कृत कवी होते, हे जाता जाता.

मुख्य दुखणं शिल्लकच आहे: सुरुवात चुकली तर शेवट चुकतो. त्यावर एक उपाय म्हणजे सुरुवात चुकूच न देणं. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी किनेक्ट नावाचा, मुळात व्हिडिओ गेमसाठी बनवलेला कॅमेरा हातात धरून अख्ख्या खोलीचं मॉडेल जागच्या जागी उभं करून दाखवलं. तो कॅमेरा सेकंदाला तीस चित्रं घेतो, प्रत्येकात ६४० गुणिले ४८० ठिपके. एका सेकंदाच्या तिसाव्या भागात हात हलून हलून किती हलणार? मागची जागा हीच पुढच्यासाठी चांगली सुरुवात. हात फारच जोरात झटकला तर मात्र तोही हरवतो.

माझ्या टेबलावर ही चैन नाही. जॉब कसाही पडलेला असतो. तिथे ठिपक्यांना आधी ओळख द्यावी लागते. प्रत्येक ठिपका आपल्या आसपास बघतो: शेजारचा पृष्ठभाग कुठे कललाय, कड आहे की खाच, घुमट आहे की सपाटी. हे सगळं तो थोड्या आकड्यांत लिहून ठेवतो, बोटाच्या ठशासारखं. २००९ मध्ये आलेला एक गाजलेला ठसा ३३ आकड्यांचा आहे. गंमत अशी की वस्तू कशीही फिरवली तरी हा ठसा बदलत नाही, कारण तो सगळं शेजाऱ्यांच्या तुलनेत मोजतो. मग दोन्हीकडचे ठसे जुळवायचे. पत्रिका बघून स्थळं सुचवण्यासारखाच हा प्रकार, आणि त्यात चुकाही तितक्याच होतात. सपाट भागातल्या हजारो ठिपक्यांची पत्रिका एकच निघते.

या खोट्या-खऱ्या स्थळांतून वाट काढायला १९८१ सालची एक युक्ती कामी येते. मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांची ही रॅनसॅक पद्धत. सहा आकडे ठरवायला तीन जोड्या पुरतात. सुचवलेल्या जोड्यांतून कुठल्याही तीन उचला, त्यावरून वस्तू बसवून बघा आणि बाकीच्यांपैकी किती जोड्या या बसवण्याला दुजोरा देतात ते मोजा. तिन्ही खऱ्या असतील तर दुजोऱ्यांचा पाऊस पडतो. एक जरी खोटी असेल तर क्वचितच कुणी बोलतं. निम्म्या जोड्या खऱ्या असतील तर तिन्ही खऱ्या निघण्याची शक्यता आठात एक. साधारण पस्तीस प्रयत्नांत ९९ टक्के खात्री. दहातली एकच खरी असेल तर शक्यता हजारात एक, आणि त्याच खात्रीसाठी प्रयत्न लागतात सुमारे ४,६००. माणसाचा जीव जाईल, मशीनला फार वेळ लागत नाही. एवढं झालं की वस्तू ढोबळमानाने जागेवर येते, शेवटचा हात आयसीपी फिरवतो. बटणाच्या आत बहुतेक वेळा हीच जोडगोळी असते.

अलीकडे हे ठसे माणसाने न ठरवता, लाखो उदाहरणं दाखवून न्यूरल नेटवर्ककडूनच शिकून घेतात. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या पॉइंटनेटने ठिपक्यांची विस्कळीत गर्दी जशीच्या तशी नेटवर्कला भरवायचा रस्ता दाखवला. त्यानंतर अर्धवट, खडबडीत स्कॅन जुळवण्यात मोठी मजल मारली गेली आहे. पण कधी न पाहिलेल्या प्रकारचा जॉब आला तर ते काय करतील हे सांगणं कठीण, आणि शेवटची बारीक जुळवणी करायला पुष्कळदा जुना आयसीपीच बोलावला जातो. मायक्रॉनचा हिशेब द्यायचा असताना मी तरी अजून जुन्यावरच विसंबते.

दोनच स्कॅन असते तर गोष्ट इथे संपली असती. फ्लॉरेन्समधला मायकेलएंजेलोचा डेव्हिड स्टॅनफर्डच्या मार्क लेव्हॉय यांच्या चमूने १९९९ मध्ये स्कॅन केला, तेव्हा वेगवेगळ्या जागांवरून ४८० स्कॅन घ्यावे लागले. पाव मिलिमीटरचा तपशील हवा होता, छिन्नीच्या खुणा दिसतील असा. बावीस जणांची टीम, ३० दिवसांत ३६० तास, दोन अब्ज त्रिकोणी तुकडे. पुस्तकांत पुतळ्याची उंची ४३४ सेंटीमीटर दिली होती. प्रत्यक्षात निघाली ५१७. त्या आकड्यावर बेतलेला स्कॅनरचा मनोरा वाढवून घ्यावा लागला. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध पुतळ्यांपैकी एकाची उंची पावणेतीन फुटांनी चुकीची छापली जात होती, हे वाचून माझ्या फ्लँजबद्दलचं दुःख बरंच हलकं झालं.

या ४८० स्कॅनचं दुखणं वेगळं होतं. पहिल्यावर दुसरा बसवला, दुसऱ्यावर तिसरा, प्रत्येक वेळी केसभर चूक. गोल फिरून पुन्हा पहिल्यापाशी आलात की त्या केसांची जट झालेली असते. रांगोळीची वेल काठाने काढत आणली आणि शेवटचं पान पहिल्या पानाशी जुळेना, तसं. यावरचा उपाय जमीन मोजणाऱ्यांना जुनाच ठाऊक आहे: शेवटी उरलेली तफावत एका जागी न ठेवता सगळ्या टप्प्यांवर वाटून टाकायची. स्टॅनफर्डवाल्यांनी तेच केलं. आधी माणसाने स्क्रीनवर हाताने ढोबळ जुळवणी केली, मग आयसीपीने दोघादोघांना घट्ट बसवलं, आणि शेवटी सगळ्या स्कॅनना एकदम थोडं थोडं सैल सोडून चूक पसरवली.

चूक पसरवणं पुतळ्याला मानवतं. कारखान्यात त्यावरून भांडणं होतात. एका पट्टीवर दहा भोकं आहेत. नऊ अगदी बरोबर, दहावं एका बाजूला १ मिलिमीटर सरकलेलं. फिरवणं बाजूला ठेवून नुसतं सरकवायचं म्हटलं तर बेस्ट फिट (वर्गांची बेरीज कमीत कमी करणारी हीच जुळवणी) अख्खी पट्टी सरासरीइतकी, म्हणजे ०.१ मिलिमीटर, उलट बाजूला सरकवतो. आता चुकलेलं भोक दिसतं ०.९ ने चुकलेलं आणि नऊ निर्दोष भोकं दिसतात प्रत्येकी ०.१ ने चुकलेली. टॉलरन्स, म्हणजे चालणारी चूक, ०.०५ असेल तर दहाही रिजेक्ट. "मॅडम, भोक एकच चुकलंय, मग बाकीची लाल का?" असं टूलरूममधल्या मामांनी विचारलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. तिथे तीन-दोन-एकलाच जावं लागतं: ड्रॉइंगवर जे डेटम, म्हणजे मोजमापाचे आधार, दिलेत त्यांच्यावर जॉब टेकवायचा आणि मग चूक जिथली तिथे दिसू द्यायची. वर्गांची बेरीज कमीत कमी करणं हे एक मत आहे, निसर्गनियम नव्हे. एखादी जोडी फारच लांबची असेल तर तिचं वजन कमी करणारे किंवा तिला सरळ वगळणारे प्रकारही आहेत. अर्धाच भाग स्कॅन झालेला असेल तेव्हा ते लागतातच, कारण नसलेल्या भागाचे जोडीदार ओढून-ताणून शोधण्यात अर्थ नसतो.

आणि जिथे दोन तुकड्यांना एकही समान भाग नाही तिथे काय करायचं? डेव्हिडवाल्या चमूने त्याच वर्षी रोममध्ये आणखी एक काम हातात घेतलं. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात, साधारण इसवी सन २०३ ते २११ मध्ये, रोम शहराचा एक प्रचंड नकाशा संगमरवरावर कोरून भिंतीवर लावला होता. रुंदी सुमारे १८ मीटर, उंची १३. आज त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरलाय, ज्ञात तुकडे १,१८६. सगळे स्कॅन झाले. पण इथे ठिपक्यावर ठिपका बसत नाही, तुकड्याच्या कडेला कड लागायला हवी, आणि कडा झिजून गेल्या आहेत. म्हणून दुसऱ्या खुणा धरायच्या: दगडाची जाडी, त्यातल्या शिरांची दिशा, एका तुकड्यावर अर्धवट तुटलेली रस्त्याची रेघ दुसऱ्यावर पुढे चालू होते का. ज्या भिंतीवर नकाशा होता ती अजून उभी आहे, आता एका चर्चच्या बाहेरच्या अंगाला. लाद्या धरून ठेवणाऱ्या लोखंडी पकडींची भोकं तिच्यात दिसतात, आणि काही तुकड्यांच्या पाठीवरही त्यांच्या खुणा आहेत. अशा खुणांवरून कॉम्प्युटरने काही नव्या जोड्या सुचवल्या, त्यातल्या काही तज्ज्ञांना पटल्या. बाकीच्या शेकडो तुकड्यांचं अजून जमायचंय.